दोन शिट्ट्या

कॉलनीतली माणसं म्हणायची, की कंडक्टर निवृत्त झाले ते फक्त खात्याच्या लेखी. त्यांची स्वतःची गाडी अजून स्टँडला लागलेलीच नाही. कुणाकडे जेवण असलं आणि ताटं हातात घेऊन पाहुणे दारातच घुटमळायला लागले, की मागून ठरलेला आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे! आत सगळं रिकामं आहे." जिन्यात दोघी बोलत उभ्या राहिल्या तरी "पायरीवर थांबू नका" हे त्यांना ऐकावंच लागे. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणत, "हा गृहस्थ वर गेला तरी आत जाणार नाही. दारात उभा राहून मागच्यांना आत घेत बसेल." कुणाची मोटार उलटी येताना दिसली, की कंडक्टर हातातलं काम टाकून तिच्या मागे हजर. एकदा तर अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, अशा अवस्थेत ते धावले होते. गाडीच्या अंगावर तळहाताने दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. नवख्या पाहुण्याला हे ठाऊक नसे. आपली गाडी कोण बडवतंय म्हणून तो तावातावाने खाली उतरे, आणि मग कंडक्टरांच्या बायकोला मध्ये पडावं लागे. "मनावर घेऊ नका हो," ती सांगे, "घरातली खुर्ची मागे सरकवली तरी यांना राहवत नाही."

त्यांचं घर तळमजल्यावर, अगदी कोपऱ्याला होतं. पुढच्या खोलीची खिडकी उघडली की चौक थेट घरात येई. एरवी कुणी त्याला चौक म्हटलंही नसतं. उतारावरून येणारा एक रस्ता आणि त्याला छेदून जाणारा कॉलनीचा बोळ, एवढाच तो ऐवज. पण पलीकडच्या अंगाला शाळा होती, आणि मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवू पाहणारी सगळी वाहनं याच उतारावरून सुटत. कधीकाळी मारलेले पांढरे पट्टे आता ज्याला आधीपासून माहीत होते त्यालाच दिसत. पदपथावर विजेची पेटी, पेटीला टेकवलेल्या स्कूटर, आणि शाळा भरताना-सुटताना कडेला लागलेल्या आईबापांच्या मोटारी. मुलाला रस्ता दिसायला हवा असेल, तर त्याला आधी रस्त्यात उतरावं लागे.

निवृत्तीनंतरचे पहिले महिने कंडक्टरांनी त्या खिडकीत बसून काढले. हलत्या जमिनीवर उभी हयात गेलेल्या माणसाला स्थिर खोलीत झोप लागत नाही, असं ते सांगत. पण त्यांना कमी पडत होतं ते निराळंच. आपण बेल दिल्याशिवाय जगात काही हलत नाही, ही जी जाणीव त्यांनी खाकी गणवेशाबरोबर अंगावर वागवली होती, ती गणवेशाबरोबर परत करायचं मात्र त्यांना जमलं नव्हतं.

मग एका सकाळी एका मुलाच्या हातून जेवणाचा डबा निसटून रस्त्यात घरंगळला. मुलगा तो उचलायला वाकला, आणि मागच्या मुलीने त्याला दप्तराला धरून खेचलं. मोटार डब्यावरून गेली आणि थांबलीही नाही. कंडक्टर तसेच चप्पल न घालता बाहेर आले. भाकरीसारखा चपटा झालेला तो डबा त्यांनी उचलला, मुलाला शाळेच्या दारापर्यंत सोडलं, आणि घरी येऊन कपाट उपसायला सुरुवात केली.

"काय शोधताय?" बायकोने विचारलं.

"शिट्टी."

"कोणत्या गाडीची?"

दुसऱ्या दिवसापासून ते चौकात उभे राहिले.

बसचा ड्रायव्हर मागे बघत नाही. कुणाचा पाय अजून पायरीवर आहे, कुणाची पिशवी दारात अडकली आहे, हे बघणं कंडक्टरचं काम. ड्रायव्हर फक्त ऐकतो. एक बेल झाली की थांबायचं, दोन झाल्या की निघायचं. मान वळवून खात्री करत बसला तर त्याची गाडी आयुष्यात वेळेवर पोचायची नाही. दोन माणसांमधल्या या विश्वासावर कंडक्टरांची सगळी नोकरी झाली, आणि त्यांच्या गाडीखाली कधी कुणी आलं नव्हतं. तीच पद्धत त्यांनी रस्त्यावर आणली. एक लांब शिट्टी आणि आडवा हात वाहनांसाठी. मग दोन आखूड शिट्ट्या मुलांसाठी. दोन झाल्या की मुलांनी निघायचं आणि पलीकडे पोचेपर्यंत थांबायचं नाही; कारण रस्त्याच्या मधोमध बावचळून उभं राहणारं, इकडे बघू की तिकडे बघू करणारं मूल त्यांना सर्वांत धोक्याचं वाटे.

मुलांना ही पद्धत इतकी अंगवळणी पडली, की शाळेच्या मधल्या सुट्टीत ती एकमेकांना शिट्ट्या मारून खेळू लागली. चौकात कुणी गोष्टीचं पुस्तक वाचत उभं असे, कुणी दाताने बुटाची गाठ सोडवत असे. दोन शिट्ट्या झाल्या की पुस्तकातून मान वर न काढता सगळी रांग चालू लागे. आपल्याच अंगणात असल्यासारखी मुलं निर्धास्त चालत. खिडकीतून बघणाऱ्या बायकोला कंडक्टर अभिमानाने म्हणत, "बघितलंस? एकाची तरी मान वळली का?"

या सगळ्यांत त्यांची लाडकी होती ती वरच्या मजल्यावरची मुलगी. तिची आई रुग्णालयात परिचारिका. रात्रपाळी करून ती घरी येई तेव्हा मुलगी शाळेला निघालेली असे. मुलगी बारीक अंगाची आणि प्रश्न विचारण्यात कुणाला हार न जाणारी. सगळ्या नोकरीत कंडक्टरांना एकाच प्राण्याची धास्ती वाटली होती, तो म्हणजे मध्येच गाडीत चढून हिशेब विचारणारा चेकर. म्हणून तिचं नाव त्यांनी चेकर ठेवलं होतं.

"आजोबा, तुमची शिट्टी हरवली तर?"

"गळ्यात आहे ना. कशी हरवेल?"

"दोरी तुटली तर?"

"तर बोटं तोंडात घालून वाजवीन."

"आणि दात पडले तर?"

"चेकर, शाळा भरली."

"नाही, पण मग आम्ही गाड्या बघायच्या का?"

"बघायचं काम माझं. तुझं काम काय?"

"ऐकायचं."

"शाब्बास. आणि दोन झाल्या की?"

"निघायचं. मागेपुढे बघत बसायचं नाही."

"चेकर पास!" असं म्हणून ते तिच्या डोक्यावर टिचकी मारत.

तिच्या आईला हे पुरतं पटत नव्हतं. एका सकाळी पाळीवरून परतताना ती फाटकाशी थांबली. डोळे जागरणाने तांबारलेले, पण बोलणं जपून होतं. "काका, तुम्ही आहात म्हणून मी निवांत झोपते, खोटं कशाला बोलू? पण तिला थोडं स्वतः बघायलाही शिकवा ना. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

कंडक्टरांना ते लागलं. "पोरी, गाडीत दोन-दोन कंडक्टर असले की गाडी खड्ड्यात जाते," ते म्हणाले. त्यानंतर त्यांना खरोखर ताप आला, तेव्हा गळ्याला मफलर गुंडाळून ते हट्टाने चौकात उभे राहिले, आणि ते पडू नयेत म्हणून बायको त्यांचं कोपर धरून बाजूला उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती, "यांची कंडक्टर मी!"

मात्र चौक कायमचा सुधारावा, आपल्या पाठीमागेही मुलं सुखरूप पलीकडे जावीत, असं त्यांना मनापासून वाटे. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना बरोबर घेऊन ते पालिकेत खेटे घालू लागले. गतिरोधक हवा, पट्टे हवेत, विजेची पेटी हलवायला हवी. तिथला तरुण अभियंता सभ्य होता. तो दर वेळी चहा पाजत असे आणि दर वेळी "बघतो" म्हणत असे. "पालिकेतल्या त्या बाकाला एव्हाना तुमच्या बुडाचा आकार आला असेल," बायको म्हणायची. पण शेवटी त्या चिवटपणाला यश आलं. एक दिवस दुपारी पालिकेचा ट्रक, त्यात रंगाचे डबे, अडथळे आणि मोजमापाचं सामान, आणि पुढे मोटारसायकलवर तो अभियंता असा लवाजमा चौकात दाखल झाला.

शाळा सुटायला अवकाश होता. निदान कंडक्टरांचा तसा समज होता. त्या दिवशी शिक्षकांची सभा असल्याने मुलांना जरा लवकर सोडलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगण्याचं कारणही कुणाला सुचलं नसेल.

अभियंत्याने ट्रक बोळात घ्यायला सांगितला. ड्रायव्हर नवखा होता. त्याने ट्रक उतारावर आडवा केला आणि मागे न बघताच बोळात उलटा घुसवू लागला. मागचं चाक विजेच्या पेटीवर चढायच्या बेतात आलं. कंडक्टर अभियंत्याशी बोलत होते. वाक्य अर्धवट टाकून ते ट्रकच्या मागे धावले. त्यांनी फळीवर थापा मारल्या, पण इंजिनाच्या घरघरीत त्या कुठच्या ऐकू जाणार? तेव्हा त्यांचा हात गळ्याकडे गेला. आगारात रोज सकाळी, कितीतरी गाड्यांच्या मागे उभं राहून त्यांनी हेच केलं होतं. एक लांब शिट्टी. ट्रक थांबला. त्यांनी चाक बघितलं, पेटी बघितली, ड्रायव्हरला हाताने खूण करून स्टिअरिंग फिरवायला लावलं. मग दोन आखूड शिट्ट्या : येऊ दे.

आडव्या ट्रकच्या पलीकडे, शाळेच्या बाजूच्या कडेला, मुलांची पहिली रांग येऊन उभी होती. ट्रकमुळे त्यांना आजोबा दिसत नव्हते, आजोबांना मुलं दिसत नव्हती. रांगेत पहिली चेकर होती. उतारावरून आलेल्या एका मोटारीला ट्रकने वाट अडवलेली सहन होईना. तिने बाहेरून वळसा घेतला.

कंडक्टरांचे डोळे मागच्या चाकावर होते. त्यांनी ऐकला तो फक्त ब्रेकचा आवाज, आणि त्यानंतरची शांतता. असा आवाज त्यांनी नोकरीत इतर गाड्यांचा ऐकला होता. ट्रकला वळसा घालून ते पुढे आले तेव्हा शिट्टी त्यांच्या दातांतच होती, आणि मुलीपर्यंत पोचल्यावरही ती काढायचं त्यांना भान राहिलं नाही.

मुलगी वाचली. पण गुडघ्याखालचा पाय डॉक्टरांना जसाच्या तसा परत देता आला नाही. आईच्याच रुग्णालयात ती बरेच दिवस होती. कंडक्टर पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा ती जागी होती, आणि त्यांना बघून तिने जे सांगितलं त्यात तक्रार नव्हती. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसं तिने सांगितलं.

"आजोबा, मी थांबले होते. एक झाली तेव्हा हललेसुद्धा नाही. दोन झाल्या मग निघाले. मागेपुढे बघितलं नाही."

तिची आई खिडकीशी चादरीची घडी घालत होती. तिचे हात थांबले. "दोन कशाला वाजवल्या होत्या, काका?" तिने मागे न वळता विचारलं.

"ट्रक मागे येत होता."

"अच्छा," ती म्हणाली, आणि चादरीची घडी पुरी केली. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, निदान त्यांची नजर चुकवली असती, तर ते सोसायला काहीतरी हाती लागलं असतं. ती पूर्वीसारखीच जिन्यात थांबून "जेवलात का काका?" विचारत राहिली.

घरी आल्यावर बायकोने खूप समजावलं. "अहो, तुम्ही ट्रकला वाजवलीत. तिला थोडीच वाजवलीत?"

"शिट्टीवर नाव लिहिलेलं नसतं," ते म्हणाले.

त्यांनी वकिलांनाही जाऊन सगळं सांगितलं. वकिलांनी आधी दार लावून घेतलं. "हे माझ्याजवळ बोललात, इतर कुठे बोलू नका. आंधळेपणाने वळसा घेतला मोटारवाल्याने. तुमच्या या बोलण्याने तो सुटेल, आणि पोरीच्या पदरात काही पडणार नाही." म्हणजे गप्प बसणं हेच आता तिच्या हिताचं होतं. कॉलनी तर मोटारवाल्याच्या नावाने बोटं मोडत होती, त्यात गैरही काही नव्हतं. उलट, इतकी वर्षं एकट्या कंडक्टरांनी हा चौक सांभाळला, असं जो तो म्हणू लागला. तोंडावर कौतुक आलं की ते मान खाली घालत, आणि लोक त्याला विनय समजत.

जे काम बाकावर बसून होत नव्हतं ते मुलीच्या पायाने झटक्यात करून दाखवलं. गतिरोधक झाला, नवे पट्टे आले, पदपथाला कठडा लागला, पिवळा दिवा बसला. उद्घाटनाला पहिली शिट्टी कंडक्टरांनी मारावी, असा मुख्याध्यापिकाबाईंचा आग्रह होता. कंडक्टर गेले नाहीत. पडदा ओढून ते आतल्या खोलीत बसले. टाळ्या मात्र आतपर्यंत आल्या.

पण चौक काही फार दिवस नवा राहिला नाही. गतिरोधकाच्या कडेला थोडी सपाट जागा उरली होती, स्कूटरवाल्यांनी ती पहिल्याच आठवड्यात शोधून काढली. मोटारी गतिरोधकावर नाक घासून हळू होत आणि उतरताच झालेला उशीर भरून काढत. पिवळा दिवा दिवसरात्र मिचमिचत राही, त्यामुळे त्याच्याकडे बघायचं लोकांनी सोडून दिलं. पट्टे चाकांखाली विरत चालले. कठडा तर एका पालकाने उलटी मोटार घालून वाकवला. कंडक्टरांनी तो आवाज खिडकीतून ऐकला. त्या मोटारीच्या मागे कुणी नव्हतं.

याहून वाईट गोष्ट होती ती मुलांची. ती रोज येऊन पट्ट्यांच्या कडेला उभी राहत आणि निघत नसत. रस्ता रिकामा असला तरी निघत नसत. सगळ्यांच्या माना त्या एका खिडकीकडे वळलेल्या असत. शेवटी एखादी आई कुणाला हाताला धरून नेई, नाहीतर एखादा धीट मुलगा "पळा!" म्हणून ओरडे आणि सगळी रांग डोळे मिटल्यासारखी पलीकडे धावत सुटे. तो धावण्याचा आवाज आला की कंडक्टर खुर्चीतून उठून उभे राहत.

एकदा न राहवून ते बाहेर गेले. शिट्टी नेली नव्हती. मुलांना त्यांनी रांगेत उभं केलं आणि पहिल्यांदाच ते शिकवू लागले, जे सुरुवातीलाच शिकवायला हवं होतं. "आधी उजवीकडे बघा. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे."

"उजवीकडे!" मुलं एका सुरात म्हणाली. "डावीकडे!"

म्हणताना सगळे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते. एकानेही मान वळवली नव्हती. कंडक्टर घरात आले आणि पलंगावर बसून राहिले. बायकोने आणलेला चहा तसाच निवून गेला.

पुढे काही महिन्यांनी चेकर शाळेत जाऊ लागली. एका हातात काठी, पाठीवरचं दप्तर आईच्या खांद्यावर. कठड्याशी आल्यावर आई म्हणाली, "चल, रस्ता मोकळा आहे." मुलगी हलेना. तिने खिडकीकडे मान वळवली. पडदा ओढलेला होता, तरी तिला आत कोण बसलंय ते माहीत होतं. ती तशीच उभी राहिली, रागाने नव्हे, रुसूनही नव्हे. तिचं काम ऐकायचं होतं आणि ती कान देऊन उभी होती. पडद्याच्या फटीतून कंडक्टर तिला बघत होते. शेवटी आईने तिला कडेवर घेतलं. कडेवर घेण्याचं तिचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. काठी दोघींच्या मध्ये अडकली, आणि त्यातून वाट काढत आई पलीकडे गेली.

त्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई आल्या, बरोबर वकील आणि शेजारचे दोघेतिघे. बायकोने खुर्च्या दिल्या. वकिलांनी विनोदाने सुरुवात केली, "काय कंडक्टरसाहेब, गाडी किती दिवस आगारात ठेवणार?" कुणी हसलं नाही. खिडकीबाहेर पिवळा दिवा मिचमिचत होता, आणि त्याचा उजेड भिंतीवर येत-जात होता.

"काका, तुमच्या मनाला लागलंय, कळतं आम्हाला," बाई म्हणाल्या. "पण बाकीच्या मुलांचं काय? रोज अर्धी शाळा उशिरा येते. तुमच्या शिट्टीशिवाय पोरं पाऊल उचलत नाहीत हो. तशीच उभी राहतात कडेला."

जिन्यावर काठीचा आवाज झाला, एक पायरी, मग थांबून दुसरी. तो वर जाऊन दार लागेपर्यंत कंडक्टर ऐकत राहिले. मग ते उठले आणि त्यांनी घराचं दार सताड उघडून धरलं.

"उभी राहू द्या, बाई. उभी आहेत तोवर जिवंत आहेत. माझ्या शिट्टीवर जी निघाली होती, ती आत्ता वर गेली. जा, तिला विचारा."